लाल गाडी आणि आत्याचा भाचा

१९५६ साली ऑर्नेलाच्या वडिलांनी लाकडाच्या ओंडक्यावर पत्रा ठोकून ठोकून त्या लाल स्पोर्ट्स गाडीची बॉडी घडवली होती. आता ऑर्नेला एकाहत्तर वर्षांची झाली, तरी दर रविवारी ती गाडी इटलीतल्या मोदेनाजवळच्या घाटात काढायचीच.

त्या रविवारी तिचा भाचा लोरिस आपली नवीकोरी गाडी घेऊन आला. दोघांनी घाट चढायची पैज लावली आणि लोरिस चार मिनिटं आधी माथ्यावर पोचला.

"माझी कॉफीसुद्धा पिऊन झाली, आत्या!"

"पळाली तुझी गाडी. तू नुसता बसून आलास," म्हणत ऑर्नेलाने आपली किल्ली त्याच्या हातात दिली. "उतरताना ही चालव. तुझी मागाहून नेऊ."

पहिल्याच वळणावर गिअर करकरले. "अरे, जुना गिअरबॉक्स आहे, गिअर बदलताना दोनदा क्लच दाब! घाई कसली झालीय तुला?" ती शेजारून ओरडली. ब्रेकला पायाचा सगळा जोर लागत होता, स्टिअरिंग हाताला झटके देत होतं. पाचव्या वळणावर गिअर अलगद पडला आणि लोरिस आनंदाने किंचाळलाच.

गावात पोचेपर्यंत तो घामाघूम झाला होता. "माझ्या गाडीतून वर गेलो, त्यातलं एकही वळण आठवत नाही. हिचं प्रत्येक वळण हातात बसलंय. काय गाडी बनवलीय गं आजोबांनी!"

चौकातली माणसं गाडीभोवती जमली. "कुणी घडवली ही?" एका परगावच्या माणसाने विचारलं.

"आदेल्मो बेर्ताकींनी," ऑर्नेला ताठ मानेने म्हणाली. "माझे वडील."