रिंगांची बाजू

"हे उलटं लावलंय का?" चहाचा कप खाली ठेवता ठेवता खिडकीकडे बघून अस्मिताने विचारलं, आणि विचारल्यावर तिला कळलं की विचारायला नको होतं.

कस्तुरीच्या आईचं तेरावं नुकतंच झालं होतं, म्हणून ती भेटायला आली होती. कस्तुरी आणि ती एकाच कॉलेजात शिकवत आणि तिथल्या प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी शोषणारी पॅनेलं बनवत. सर्किट बोर्डासारखं पातळ पॅनेल, एका बाजूला तांब्याच्या बारीक रिंगांची नक्षी, दुसरीकडे सलग तांबं. रिंगांचं माप जमलं की ठरावीक लहर आत शिरते आणि तिथेच विरते. माप जरासं चुकलं की पॅनेल बाद.

तसली बाद पॅनेलं बाबांनी मागून घेतली होती. आईला कॅन्सर निघाला आणि त्यांचा सगळा राग समोरच्या गच्चीवरच्या मोबाइल टॉवरवर जाऊन बसला. त्याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कस्तुरीनेही सांगितलं. शिवाय ही पॅनेलं रडारच्या लहरींसाठी आहेत, टॉवरच्या नव्हेत, हेही समजावलं. पण बाबांचं, रघुवीररावांचं, आयुष्य सांवेर रोडच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेलेलं. बिघाड आहे म्हणजे त्याला कारण आहे, आणि कारण आहे म्हणजे ते हाताला लागलं पाहिजे.

"तू दे तो सही बेटा," ते म्हणाले होते. "फिट करायचं काम माझं."

पलंगाशेजारची अख्खी खिडकी त्यांनी पॅनेलांनी मढवली, फटीसुद्धा बुजवल्या. रिंगांची बाजू आत ठेवली, कारण ती दिसायला चांगली. सराफ्यात बांगड्या मांडल्यात असं वाटतं, असं आई म्हणायची. दिवसाही ट्यूबलाइट लावून ती त्या रिंगांकडे बघत पडून राही. बाहेरचा अमलतास फुलला का, एवढं मात्र अधूनमधून विचारी. फुलला, असं कस्तुरी न बघताच सांगे.

"उलटं मतलब?" बाबा म्हणाले.

अस्मिता कस्तुरीकडे बघू लागली. कस्तुरीच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. फरक काहीच पडणार नव्हता, म्हणून ती बोलली नव्हती.

"रिंगा बाहेर हव्या होत्या, बाबा."

ते उठले. पॅनेलवर तळहात टेकवून उभे राहिले. "म्हणजे सगळं आत येत राहिलं. आणि मी तिला इथेच, खिडकीशी..."

"नाही. तांबं बाहेर होतं ना? तांब्यावर आपटून लहर परत जाते. या खिडकीतून आत काही आलेलं नाही."

"पक्का?"

"पक्कं."

हे खरं होतं. कितीतरी महिन्यांनी तिला त्यांच्याशी काहीतरी खरं आणि बरं, दोन्ही बोलता आलं होतं. अस्मितानेही मान हलवली. बाबांचे खांदे सैल झाले.

"मग ती गेली कशाने?" बाबांनी विचारलं.

कपातला चहा तसाच ठेवून अस्मिता निघाली. तिला दारापर्यंत पोचवून कस्तुरी परतली, तेव्हा बाबांनी पेचकस आणला होता. ते एकेक स्क्रू काढून वाटीत टाकत होते. ती पॅनेलं खालून धरू लागली. "लॅबमध्ये घेऊन जा," ते म्हणाले. "तुमचं सामान आहे."

शेवटचं पॅनेल निघालं तसं ऊन थेट पलंगावर पडलं. गादी दान करून झाली होती. नुसत्या फळ्या होत्या. बाहेर अमलतासाचा बहर कधीच सरला होता. फांद्यांना लांब काळ्या शेंगा लोंबत होत्या.

बाबा फळ्यांवर बसले. मग हळूच आडवे झाले, आईची उशी असायची तिथे डोकं टेकवून, आणि त्यांनी मान वळवून बाहेर पाहिलं.

तिथून झाड पुरं दिसत होतं.