टँकरचा खरा निरोप

दुष्काळात धारूरजवळच्या एका पाणी सोसायटीच्या नावानं कुणीतरी खोटे मेसेज धाडायचं आणि बाया भलत्याच वस्तीवर टँकरची वाट बघत बसायच्या. विद्यापीठात क्रिप्टोग्राफी शिकणाऱ्या गावच्याच अंजनानं त्यावर डिजिटल सहीचं अ‍ॅप बनवलं. अध्यक्ष भामाबाईंच्या फोनमधल्या गुप्त किल्लीनं मेसेजवर सही व्हायची. ती खरी की खोटी, हे गावातला कुठलाही फोन हिरव्या किंवा लाल खुणेनं सांगायचा.

"अन् तो लबाड ही रीत शिकला तर?" भामाबाईंनी विचारलं.

"शिकू द्या की, मावशी! रीत समद्यांना ठाऊक असली तरी चालतंय. किल्ली तेवढी तुमच्यापाशीच पायजे."

चौथ्या दिवशी मेसेज आला, 'टँकर शाळेपाशी येईल.' फोनवर लाल खूण उमटली. सकाळच्या हिरव्या खुणेच्या मेसेजवरून विहिरीजवळ लागलेल्या रांगेतली एकही बाई हलली नाही. तासाभरात टँकर तिथंच आला. अंजनानं आधी घागर भरली, मग विद्यापीठातल्या सरांना फोन लावला.

"सर, माझा प्रोजेक्ट चालला!"