खळ्यावरचा तालुका

माझी बायको राही गेल्याचं कळलं तेव्हा मी खळ्यावर भात झोडत होतो. ती सकाळी शाळेत गेली होती. दुपारी तिचा भाऊ देवजी बांधावरून निरोप घेऊन आला. शाळेतच तिचं हृदय बंद पडलं होतं.

राही डोळखांबजवळच्या माध्यमिक शाळेत भूगोल शिकवायची. दरवर्षी झोडणी संपली की नववीची पोरं आमच्या खळ्यावर आणायची. प्रत्येकाने आपल्या पाड्याची ओंजळभर माती आणायची आणि पाडा जिथे असेल तिथे बसवायची. मागे सह्याद्री, पुढे माहुलीचा डोंगर, असा शहापूर तालुका उभा राहायचा. मग तांब्याने पाणी ओतायचं आणि कुणाचं पाणी कुठे जातं ते बघायचं.

दिवसकार्य उरकल्यावर मी शाळेत गेलो. मुख्याध्यापक अनिल सर म्हणाले, "भूगोलाचे तास सध्या गणिताला दिलेत. पुस्तक पोरं घरी वाचतील. तसाही हा विषय आता मागेच पडतोय, चंदरभाऊ. दहावीचा निकाल बघावा लागतो."

"मग नववीला रविवारी खळ्यावर धाडा."

"तुम्ही शिकवणार?"

"मी नाय शिकवणार. खळं माझं हाय."

रविवारी पोरं आली. मी खळं सारवून ठेवलं होतं. पाणी साचू नये म्हणून शेतकरी देतो तसा उतारही दिला होता, पण तो कुठल्या बाजूला हे दरवर्षी राही सांगायची. मातीचा तालुका मांडून झाला. त्यातल्या अक्षदाने भातसा नदीच्या जागी पाणी ओतलं, ते उलटं पूर्वेला, कसारा घाटाकडे धावलं.

"बघ गो, काकांची भातसा घाट चढली," तिच्या शेजारची रंजिता म्हणाली. पोरं हसून लोळली.

अक्षदा मात्र पाण्याकडेच बघत होती. "काका, खऱ्या भातसाचं पाणी धरणातून मुंबईला जातं ना? मग आमच्या पाड्यावं मार्चात टँकर कशाला?"

मी तांब्या पुन्हा भरून तिच्या हातात दिला.

दोन दिवसांनी अनिल सर घरी आले. "पोरं गणिताच्या तासाला टँकरचं विचारतात. हे खळ्यावरचं बंद करा."

"तुमी त्यांना उत्तर द्या, मी बंद करतो."

सर चहा न घेता गेले.

त्याच संध्याकाळी मी कुदळ घेतली, खळं उकरलं आणि उतार पश्चिमेला केला. पोरं दर रविवारी येतात. पण शाळेच्या वेळापत्रकात भूगोलाचा तास अजून आलेला नाही, आणि अक्षदाला कुणी उत्तर दिलेलं नाही.