खालच्या भिंगाची कैफियत

मित्रांनो, चोपडा येथील जीवराम यांच्या स्टुडिओत जो जुना कॅमेरा आहे, त्याचे मी खालचे भिंग होय. आम्ही दोन भिंगे एकावर एक बसविलेली. वरच्यातून जीवराम पाहतात. फोटो मात्र माझ्यातून निघतो. तरीही सारा मान वरच्याला!

परदेशात माझी काच महिनोन्‌महिने घासून घडविली गेली. पुढे धुळ्याच्या एका वकिलांकडून मी येथे आले. असंख्य लग्ने मी टिपली. कधी तक्रार आली नाही.

सन १९८६ च्या दसऱ्याला जीवरामांनी कॅमेऱ्याची पूजा केली आणि तुपात कालविलेले कुंकू भक्तिभावाने आम्हा दोघांच्या काचांना लाविले. दुसऱ्या दिवशी त्यांना नीट दिसेना, म्हणून वरचे भिंग लख्ख पुसले. माझ्यावरून उपरण्याचे टोक फक्त ओझरते फिरविले. कुंकू गेले, तूप पसरले!

त्याच आठवड्यात जवळच्या खेड्यातले चुडामण नाना आपल्या वृद्ध मातोश्री तानुबाई यांना एस.टी.ने घेऊन आले. तानुबाईंची सुरतेला दिलेली कन्या बेबाबाई आईच्या फोटोसाठी झुरत होती. मातोश्रींना तेथवरचा प्रवास झेपत नव्हता, आणि त्यांचा एकही फोटो आजवर निघाला नव्हता.

फोटो आला तो धुक्यात बुडालेला.

"हाई मनी माय शे का भूत?" नाना कडाडले.

"रोलच खराब शे, नाना," जीवराम म्हणाले.

भारीचा रोल आणला. पुन्हा धुके! मग दिवे बदलले, पडदा बदलला. अरे, रोल कितीही उंची असो, त्याच्यापर्यंत उजेड माझ्यातूनच जातो ना? पण मला तोंड नाही, आणि माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना!

तिसऱ्या वेळी तानुबाई खुर्चीत टेकल्या. "हाई शेवटनी खेप शे, भाऊ. पायमा जीव नही."

मग जाड चष्मा सावरीत त्या माझ्याजवळ वाकल्या. "येना डोयाले मोतीबिंदूना पडदा उना का रे? मना चष्मा असा चिकट व्हस, तवय मले सून बी हासरी दखास! आधी हाई काच पुस!"

जीवराम ओशाळले. मऊ कापडाने त्यांनी मला पुसले.

या वेळी मुखावरील प्रत्येक सुरकुती, हनुवटीवरील गोंदणाचे तीन ठिपके, सारे स्पष्ट उमटले. नाना हर्षाने म्हणाले, "या खेपना रोल भारी निंघना!" आणि जीवरामांनी चक्क मान डोलाविली!

असो. श्रेय रोल घेवो. परंतु मित्रांनो, फोटो काढण्यापूर्वी भिंगावरून एक स्वच्छ कापड अवश्य फिरवा. दूर सुरतेला बसलेल्या लेकीला आईचे डोळे दिसले पाहिजेत.