आईला दिसणारी माणसं

"अगं, त्या खुर्चीवर बसू नकोस. कुणीतरी बसलंय तिथे."

मी अर्धवट वाकले होते, तशीच सरळ झाले. खुर्ची रिकामी होती.

"कोण बसलंय आई?"

"काय माहीत! उंच टोपीवाला माणूस आहे. कोटाची बटणंसुद्धा स्वच्छ दिसताहेत. तुझं तोंड मात्र दिसत नाही बघ."

आईच्या दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध निकामी झाले होते. समोर काळा डाग आणि कडेकडेने उरलेलं जग. डॉक्टर म्हणाले होते, घाबरू नका, डोकं ठिकाणावर आहे. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदू आपल्या मनाने चित्रं रंगवतो. आईला ते पटलं होतं. तरीही त्या माणसांना धक्का लागू नये म्हणून ती घरात अंग चोरून चालायची. हळूहळू मीही तशीच चालू लागले.

माझं कामही डोळ्यांच्या पडद्याचंच. दान आलेल्या डोळ्यांचे पडदे गोठवायचे आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून काचेवर घ्यायचे. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाई पेशींमधल्या स्निग्ध पदार्थांवर संशोधन करत. पेशी संकटात सापडली की आपल्याच आवरणातला स्निग्धांश मोडून त्याचा निरोप बनवते, असं त्या सांगायच्या. 'तग धर, इतक्यात मरू नकोस' असा निरोप. तो पोचला तर पेशी सावरतात. नाहीतर एकेक करून विझत जातात.

हे मी आईला सांगितलं तेव्हा ती चाचपडत मोज्यांच्या जोड्या लावत होती.

"म्हणजे चरबीसुद्धा कामाची म्हण की! आणि तू माझं लोणी बंद केलंस."

मी हसले. ती हसली नाही.

"एक विचारशील तुझ्या डॉक्टरांना? इतकी माणसं येतात. बायका येतात, भिजलेली पोरं येतात. तुझे बाबा का येत नाहीत?"

मी खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना अनोळखी चेहरेच दिसतात. घरी येऊन तसंच सांगितलं. आई कितीतरी वेळ हातातला मोजा उलटसुलट करत राहिली.

"मग कशाला उगाच घरात गर्दी करतात मेले," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

एका सकाळी चहा पिता पिताच ती गेली. डोळे द्यायचे हे तिने आधीच बजावून ठेवलं होतं. "तुझ्याच बाईंकडे जाऊ देत. काय बिघडलं होतं, बघा म्हणावं." डोळे काढून न्यायला माणसं आली तेव्हा मी बाहेर उभी होते. आतून बोलण्याचा आवाज आला की वाटायचं, आईची माणसं आली आहेत.

कामावर परतले तेव्हा तिचा पडदा गोठवून ठेवलेला होता. बाई म्हणाल्या, "हे मी दुसऱ्या कुणाला तरी देते. तू नको."

"माझ्याकडेच राहू दे, बाई."

पहिला काप फाटला. दुसरा गुंडाळला गेला. इतकी वर्षं या कामाला सरावलेला हात माझा वाटेना. भिंगाखाली मला कायम नुसते थर दिसत आले होते. त्या दिवशी पलीकडूनही कुणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. मी क्षणभर डोळे मिटले, मग श्वास रोखून तिसरा काप सरळ काचेवर घेतला.

तो निरोप जिथे बनत होता, ती जागा कापावर सोडलेल्या रसायनामुळे हिरवी चमकते. बाईंनी काच भिंगाखाली सरकवली. मधला भाग काळाठिक्कर होता. बाई हलकेच म्हणाल्या,

"मधे काहीच उरलं नाही गं. पण डावी कड बघ, अजून हिरवी आहे. शेवटपर्यंत तग धरलाय तिने." त्या थांबल्या. "पडद्यावर चित्र उलटं पडतं ना, म्हणजे डावी कड ती उजवीकडचं जग. तिकडचं आईंना थोडं दिसत असणार."

"हो," मी म्हणाले. "जेवायला मी त्याच बाजूला बसायचे."

बाईंनी भिंगावरून डोळा काढला आणि उठून मला जागा दिली.