खिडकीबाहेरचा पेंटर

भागवतला दम्यानं धरलं ते रंगामुळं, हे नांदेडच्या डॉक्टरांनी सांगायच्या आधीच शितलला ठाऊक होतं. लग्न होऊन ती वारंगा फाट्याला आली तेव्हापासून रोज पाहत होती. नवरा सकाळी तोंडाला रुमाल बांधून ट्रक रंगवायला उभा राही, आणि दुपारी जेवायच्या आधी चूळ भरली की मोरीत कधी निळं, कधी तांबडं पाणी पडे. तेव्हा तो हसायचा. म्हणायचा, "आतून पण रंगून राहिलो मी." आता मात्र दुकानातून उठून रस्त्यापलीकडच्या हॉटेलापर्यंत गेला तरी त्याची छाती भात्यासारखी वाजायची.

डॉक्टर वयानं लहान होते, पण बोलले आडपडदा न ठेवता. गाडीला काचेसारखी चमक यावी म्हणून सगळ्यात शेवटी क्लिअर मारतात, त्यात हार्डनर असतं. त्या हार्डनरनं भागवतचं फुप्फुस कायमचं बिथरलं होतं.

"कुठल्याच रंगाचा फवारा आता तुमच्या नाकात जायला नको," डॉक्टर म्हणाले, "आणि क्लिअर तर विषच समजा. एखाद्या वेळी श्वास अडकेल आणि सुटणार नाही."

भागवतनं मान डोलावली. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांची कपाळं वाचत राहिला. त्यातली काही त्याच्याच हातची होती.

तशी ट्रकांची मोठी कामं आधीच आटली होती. नव्या गाड्या रंगवूनच येऊ लागल्या, नावं स्टिकरवर छापून मिळू लागली. तेव्हा भागवतनं छोटे ट्रक करायला घेतले होते. खऱ्या गाडीची मापं टेपनं घ्यायची, ती पंचविसाव्या हिश्शावर आणायची आणि प्लास्टिकच्या शीटमधून केबिन, फाळके, चाकं, आरसे सगळं कापून जोडायचं. कितीतरी ड्रायव्हर आपलीच गाडी अशी हातात मावेल एवढी करून घरच्या शोकेसात ठेवत. एवढ्याशा वस्तूला रंग फवारायची मोठी गन चालत नाही, म्हणून त्यानं एअरब्रश आणला होता. पेनासारखा धरायचा. वर लहानशी वाटी, आत दाभणाहून बारीक सुई. खटका खाली दाबला की हवा, मागं ओढला की रंग. शितल त्याला चिकटपट्ट्या लावून द्यायची, सुटे भाग धुऊन ठेवायची. त्यापलीकडं तिनं त्या यंत्राला कधी हात लावला नव्हता.

नांदेडहून आल्यावर तिनं दुकानामागची रंगाची खोली बंद करून टाकली. हार्डनरचा डबा पंक्चरवाल्या थावराच्या हाती देऊन म्हणाली, "भाऊ, ह्याची कुठं तरी वाट लावा." थावराचं दुकान शेजारीच होतं. त्यानं काही न विचारता डबा नेला.

उन्हाळ्याच्या तोंडाला पुसेगावहून तातेराव आणि गोजरबाई आले. तातेराव मेंढरं राखणारे, थोडी कोरडवाहू जमीन असलेले. त्यांचा मुन्ना ट्रक चालवायचा. मागच्या साली तो वसमतहून हळदीची पोती भरून निघाला आणि वाटेत केबिनला आग लागली. दार उघडलं नाही. गाडीचा सांगाडा तेवढा राहिला होता.

गोजरबाई ओट्यावर बसल्या. पाणी हातात घेऊन न पिताच बोलल्या, "त्याच्या गाडीवर तूच नाव काढलं होतंस, भागवत. राजनंदिनी. त्याच्या लेकीचं. ती गाडी लहानी करून देशील का? वरीसश्राद्धाला फोटोपाशी ठिवावी म्हणते."

"मावशी, माझं काम बंद झालं," भागवत म्हणाला. तेवढं बोलतानाही त्याला थांबावं लागलं.

तातेरावांनी मोबाईल पुढं केला. त्यात गाडीचा फोटो होता. निळी केबिन, पांढरी पट्टी, आणि कपाळावर गडद निळ्यातून वर वर फिकट होत गेलेली अक्षरं. गाडी इतकी चमकत होती की फोटो काढणारा मुन्ना स्वतःच दाराच्या पत्र्यात दिसत होता.

भागवत फोटोकडं बघत बसला. शितल नवऱ्याचं तोंड पाहत होती. तो आता हो म्हणणार हे तिला दिसलं, तशी तीच पुढं होऊन म्हणाली, "मी करते. तुमी नुसतं सांगा."

असं ते काम सुरू झालं. छोट्या गाडीचा सांगाडा भागवतनंच अंगणात बसून जोडला, त्याला कुणाची हरकत नव्हती. रंगासाठी शितल तोंडाला फिल्टरचा मास्क लावून खोलीत जाई, पंखा मागच्या गल्लीकडं हवा फेकी, आणि भागवत पुढच्या खिडकीच्या बंद काचेबाहेर खुर्ची टाकून बसे. रंग पाण्यातला आणला होता. चूक कळली की तो किल्लीनं काचेवर टकटक करायचा.

पहिल्याच दिवशी केबिनच्या दारावर निळे ठिपके उडाले. टकटक झाली.

"पिचकाऱ्या मारून राहिला तो," बाहेरून भागवत म्हणाला. "सुईच्या टोकाला रंग वाळला. ह्या उन्हात पाण्यातला रंग असाच वाळतो. बोळा ओला कर आन् टोक पूस. दर थोड्या वेळानं पुसत जा."

तिनं पुसलं. पुढं वाटीतल्या रंगात बुडबुडे यायला लागले. ती घाबरून खिडकीकडं वळली.

"नोझल ढिलं बसलं. हवा उलटी फिरून रंगात शिरून राहिली. हातानं कस, पान्हा लावू नको. बोटाच्या नखाहून लहान हाय ते, तुटलं की संपलं."

कधी रंग जास्त पातळ व्हायचा आणि फवारा पडल्या जागी कोळ्याच्या पायांसारखा पसरायचा. कधी ती भीतीनं हात लांब धरायची, मग रंग हवेतच वाळून पृष्ठभागावर रव्यासारखा खरखरीत बसायचा. ती पॉलिश पेपरनं घासून काढायची, पुन्हा मारायची. भागवतला काचेतून रंग नीट दिसतही नसे. तो आवाजावरून सांगायचा. सूं आवाज घोगरा झाला की म्हणायचा, "सुई तपास." आणि ती उघडून बघे तर खरंच कचरा अडकलेला असे.

एकदा दमून ती बाहेर आली, मास्क काढून पायरीवर बसली. गालांवर मास्कचे वळ उठले होते.

"रागवायचे तर रागवा," ती म्हणाली. "मला न्हाई जमत तुमच्यासारखं."

"जमून राहिलं," तो म्हणाला. थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता म्हणाला, "मीच खिडकीबाहेरचा झालो."

ती चहा टाकायला गेली.

नाव काढायचा दिवस उजाडला. अक्षरांचा साचा भागवतनंच कापून दिला होता. तिनं तो केबिनच्या कपाळावर चिकटवला, रंग दुधाइतका पातळ केला, हवा कमी केली, आणि खालून गडद निळा धरत वर हलका हलका करत नेला. अक्षरामागून अक्षर. श्वास रोखला होता तिनं. शेवटच्या वेलांटीवरून हात उचलला, टोक पुसलं, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की एकदाही टकटक झाली नव्हती. तिनं मान वर करून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

तो अंगणात बाजेवर पडला होता. तिनं साचा सोलून गाडी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती उजेडाकडं फिरवली, डोळे बारीक केले, बोटाचं टोक अक्षरांजवळ नेऊन न लावताच मागं घेतलं.

"बराबर झालं," तो म्हणाला.

शितलला एवढा आनंद झाला होता की त्याचा आवाज कसा होता ते तिनं ऐकलंच नाही. पुढं कितीतरी वेळा तिनं ते दोन शब्द आठवून पाहिले. त्यात कौतुक होतं, ते खरं. दुसरंही काही होतं.

राहिली होती चमक. शितलनं पाण्यातलंच वार्निश आणलं होतं. भागवतनं ते जुन्या तुकड्यावर मारायला लावलं आणि वाळल्यावर बघून बाजूला ठेवलं.

"धुतलेल्या कापडासारखं दिसतं. मुन्नाची गाडी अशी नव्हती. तो दोनदा क्लिअर मारून घ्यायचा, त्यात त्याला तोंड दिसलं पाहिजे."

"त्या माउलीला गाडी पाहिजे. चमक कशाला पाहिजे?"

"मग काहून घेतलं हे काम?"

"तुमी घेऊन राहिला होता म्हणून," शितल म्हणाली. तिचा आवाज चढला. "क्लिअर ह्या घरात येणार न्हाई. मला कुंकू पाहिजे, चमक नको."

तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं म्हणजे ऐकणं, असं ती समजली.

त्याच आठवड्यात बचत गटाची बैठक होती. ती सकाळी निघाली तेव्हा तो अंगणात पेपर वाचत होता. तिनं विचारलं, "दम्याचा पंप जवळ हाय ना?" त्यानं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून दाखवला.

बैठक सुरू होती तोच थावराचा फोन आला. "वहिनी, लौकर या. पेंटर दारात पडला."

क्लिअर आणि हार्डनरची लहान डबी त्यानं पलीकडच्या ऑटोपार्टच्या दुकानातून स्वतः चालत जाऊन आणली होती. खोलीत पंखा लावला होता. तोंडाला मास्कही होता, शितलचाच, पण त्याच्या दाढीवर तो नीट बसला नव्हता. उंबऱ्यापर्यंत तो स्वतःच्या पायांनी आला होता. त्याच्या हातातला पंप थावरानं दाबून दाबून रिकामा केला होता.

थावरानं कुणाची तरी जीप थांबवली. शितल मागच्या सीटवर नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याचे ओठ जांभळे पडले होते. प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खळगा पडत होता. तो बोटानं काचेकडं खुणावत राहिला, काच उघड म्हणून. काच उघडीच होती. वारा तोंडावर आदळत होता, रस्त्याची धूळ आत येत होती, तरी तो खुणावत होता.

"उघडली, उघडली," शितल म्हणत राहिली.

अर्धापूर यायच्या आतच त्याचा हात खाली पडला. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला नाही, पण हॉर्न वाजवायचं सोडलं.

तेरावं झाल्यावर शितलनं ती खोली उघडली. वास अजून होता. ती दारातच तोंडाला पदर लावून उभी राहिली. गाडी पाटावर होती. केबिनचं कपाळ आणि डावी बाजू काचेसारखी झाली होती. एक कण नाही, एक ओघळ नाही. जीव घुसमटत असताना त्या माणसाचा हात एवढा स्थिर कसा राहिला, ह्याचा तिला संताप आला. उजवी बाजू तशीच होती, तिनं रंगवलेली, मंद निळी.

एअरब्रश जमिनीवर पडला होता. आतलं क्लिअर आतच घट्ट झालं होतं. तिनं सुई ओढून पाहिली, थिनरात बुडवून ठेवली, पकडीनं धरून पाहिली. सुई नोझलला कायमची चिकटली होती. तिला सगळे बिघाड दुरुस्त करता येत होते, भागवतनं एकूण एक शिकवले होते. ह्याच्यावर इलाज नव्हता, हेही त्यानंच सांगितलं होतं कधीतरी.

तातेराव आणि गोजरबाई भेटायला आले ते गाडीसाठी नव्हे. गोजरबाई तिच्याजवळ भिंतीला टेकून बसल्या, तिच्या पाठीवर हात ठेवून. मग शितलनं आत जाऊन गाडी आणली आणि त्यांच्यापुढं ठेवली.

"पुरी न्हाई झाली," ती म्हणाली.

गोजरबाईंनी कपाळावरचं नाव वाचलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते नाव येत होतं. चमकत्या बाजूवर त्यांचंच तोंड त्यांना दिसलं आणि त्यांनी हात मागं घेतला.

"ह्याच्यापायी गेला का गं तो?"

तातेराव म्हणाले, "गोजर, गप."

"इचारू दे मला."

शितलला खोटं बोलता आलं असतं. दमा जुनाच होता, माणूस कधी ना कधी जाणारच होता, असं म्हणता आलं असतं.

"व्हय मावशी," ती म्हणाली. "तुमी आला नसता तर आज जेवायला बसला असता इथं. तुमाला सांगायचं नव्हतं, पण रोज मनात येतं. अन् दोष माझ्यावर पण येतो. मला ते नाव जमायला नको होतं."

गोजरबाई रडल्या नाहीत. त्यांनी मान खाली घातली, जसं एखादं ओझं डोक्यावर घ्यायला घालतात.

"मग ही तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे, लेकी."

"न्हाई. ती मुन्नाची हाय. मला ती घरात दिसायला नको."

तातेरावांनी खांद्यावरचं उपरणं काढून जमिनीवर पसरलं. शितलनं गाडी त्यावर ठेवली, आरसे मोडू नयेत म्हणून कडा आत दुमडून दिल्या, आणि कसं धरायचं ते दाखवलं. निघताना गोजरबाईंनी तिचा हात धरला. दोघींनाही सोडवून घ्यायचं सुचत नव्हतं. शेवटी सेनगावकडं जाणारी जीप आली, क्लीनरनं हाक दिली, आणि तातेराव पुढं होऊन म्हणाले, "चल."

जीप गेल्यावर शितल थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं. ती आत गेली आणि एकटीपुरतं म्हणून पीठ परातीत काढलं. मग थांबून, त्यातलं थोडं परत डब्यात घातलं, कारण हाताला अजून दोघांचंच माप होतं.