वेळ झाली म्हणणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि आता फार थकले आहे. थकायला मी काही डोंगर चढले नाही. माझे सगळे आयुष्य हॉलंडमधल्या एका कालव्याकाठच्या विद्यापीठात, एकाच सभागृहाच्या दारात गेले. मला थकवले ते माणसांच्या बोलण्याने. काही माणसे हौसेने वाद घालतात, काही पोटासाठी घालतात. आमच्याकडे दोन्ही प्रकारची माणसे भरपूर होती.

एका उंच झाडाच्या सरळ फांदीतून सुताराने मला तासून काढले. मग सोनाराने माझ्या डोक्यावर चांदीची टोपी बसवली आणि तिच्यात कड्या ओवल्या. मला जरा हलवले की त्या कड्या खणखणत. मिरवणूक निघाली की कुलगुरूंच्याही पुढे मी असे. चोपदार मला उंच धरून चाले आणि पोरेटोरे रस्त्याच्या कडेला उभी राहून माझ्याकडे बोटे दाखवत. तेव्हा मला स्वतःचे भारी कौतुक वाटायचे. तरुणपणी सगळ्यांनाच वाटते.

माझे खरे काम मात्र वेगळे होते. पदवीसाठी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याने सभागृहात एक तास आपली मते राखायची, आणि प्राध्यापकांनी चहूबाजूंनी त्यांवर तुटून पडायचे, अशी आमच्याकडची रीत. कुलगुरूंच्या मेजावर वाळूचे घड्याळ उलटे करून ठेवत. वरची वाळू संपली की चोपदार आत येई, मला जमिनीवर आपटी आणि लॅटिनमध्ये मोठ्याने सांगे, "वेळ झाली!" ती हाक पडली की संपले. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, नाहीतर खुद्द कुलगुरू असोत, ज्याच्या तोंडात जो शब्द असेल तो तिथेच राहायचा. पुढे एक अक्षर बोलायचे नाही आणि बोललेच तर ते धरायचे नाही. काही मुले त्या हाकेची देवासारखी वाट पाहत. काहींना ती नेमकी खरा मुद्दा सापडताच ऐकू येई.

दारात उभी राहून मी किती ऐकले म्हणून सांगू! फार फार पूर्वी ग्रीसमध्ये थेलीस नावाचा माणूस होऊन गेला. जगातले सगळे काही मुळात पाणीच आहे, असे तो म्हणे. आमच्या गावाला हे पटायला वेळ लागत नसे, कारण पवनचक्क्यांनी रोज पाणी उपसले नाही तर इथे खरोखरच सगळे पाणी होईल. मग कोणी सिद्ध करी की जगात काहीच हलत नाही, आणि सिद्ध करून झाले की जेवायला घरी धावत सुटे. सॉक्रेटिसवर तर सगळ्यांचाच जीव. आपल्याला काही ठाऊक नाही एवढेच आपल्याला ठाऊक आहे, असे सांगणारा तो म्हातारा आमच्या प्राध्यापकांचा फार लाडका होता. त्यांना स्वतःला सगळेच ठाऊक होते, ती गोष्ट वेगळी. आणि या सगळ्यांच्या वर अ‍ॅरिस्टॉटल. कुठलाही वाद शेवटी त्याच्या पायाशी येऊन बसे.

मग तो फ्रेंच गृहस्थ आला. म्हणजे आमच्या दारात कधी आला नाही, पण त्याची मते आली. डोळ्यांवर विसंबू नका, कानांवर विसंबू नका, गुरूंवर तर नकोच, आधी सगळ्यावर शंका घ्या आणि मग भूमिती मांडतात तसे एकेक पाऊल नक्की करत पुढे चला, असे त्याचे सांगणे. पोरे वेडी झाली. म्हातारे चिडले. शेवटी फर्मान निघाले की त्या गृहस्थाचे नाव सभागृहात घ्यायचे नाही आणि त्याचे मत आपले म्हणून मांडायचे नाही. मांडेल त्याची पदवी गेली.

तेव्हा माझा चोपदार होता वाउटर. भला माणूस. वाळूचा शेवटचा कण पडल्याशिवाय त्याचे पाऊल कधी उंबरठ्याच्या आत पडले नाही. तो मला रोज घरी नेई आणि त्याची बायको हिलके खडूच्या भुकटीने माझी चांदी लखलखीत करी. त्याच घरात वाउटरची विधवा बहीण आणि तिचा मुलगा एल्को राहत. एल्को पदवीला बसला होता. पदवी मिळाली की समुद्राकाठच्या एका गावात लॅटिन शाळेतल्या मास्तराची जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती आणि तिच्याबरोबर राहायला घरही होते. भावाच्या दारी दिवस काढून कंटाळलेली त्याची आई त्या घराच्या खिडक्यांना पडदे शिवून बसली होती.

पण हा एल्को रोज जेवताना त्या फ्रेंच गृहस्थाचेच पुराण लावी. समोरची वस्तू खरी कशावरून, हे स्वप्न नाही कशावरून, हे त्याचे सुरू झाले की वाउटरच्या घशाखाली घास उतरत नसे.

"सूप खरं आहे की नाही अशी शंका असेल तर वाडगा इकडे दे," हिलके म्हणे. "डुकराला घालते. त्याला शंका येत नाही."

"मामी, सूपच्या बाबतीत माझी पूर्ण खात्री आहे," एल्को हसून वाडगा पोटाशी धरी.

परीक्षेच्या दिवशी सकाळी वाउटरने त्याला दारातच अडवले. "एल्को, बाबा, तुझ्या पाया पडतो. तासभर, फक्त तासभर अ‍ॅरिस्टॉटलचा हात सोडू नकोस. मग घरी येऊन काय बडबडायचं ते बडबड."

"नाही सोडणार, मामा."

"शपथ?"

"सांगितलं ना, नाही सोडणार. तुम्ही काठी सांभाळा, मी जीभ सांभाळतो."

आणि त्याने ती सांभाळली. मी दाराच्या फटीतून पाहत होते. एकामागून एक प्रश्न येत होते आणि मुलगा न अडखळता उत्तरे देत होता. कुलगुरू मान डोलवत होते. घड्याळात थोडीच वाळू उरली होती. तेवढ्यात प्राध्यापक रेंगर्स उठले. फर्मान काढायला लावणारे तेच. आवाज गोड आणि नजर घारीची.

"छान पाठ केलंत," रेंगर्स म्हणाले. "पण हे तर सगळं अ‍ॅरिस्टॉटलचं झालं. तो आम्हालाही येतो. आता जरा एल्को महाशयांचं ऐकू द्या. तुम्हाला स्वतःला कशाची खात्री आहे?"

मागे बसलेल्या पोरांनी नाराजीने फरशीवर पाय घासले. हा सापळा आहे हे आंधळ्यालाही दिसले असते. एल्कोने एक श्वास घेतला.

"मला विचाराल तर," तो म्हणाला, "मी प्रत्येक गोष्टीवर शंका घेतो. डोळ्यांवर, कानांवर, आणि..."

वाउटरने घड्याळाकडे पाहिलेही नाही. पुढच्याच क्षणी दार उघडले, आम्ही आत होतो, आणि त्याने मला असे आपटले की माझ्या कड्या किंचाळल्या. "वेळ झाली!"

घड्याळातली वाळू पडतच होती. सगळ्यांनी आधी वाउटरकडे पाहिले, मग घड्याळाकडे. रेंगर्सनाही आता बोलता येत नव्हते. त्यांनी नुसते एक बोट उचलून घड्याळाकडे दाखवले आणि शेवटचा कण पडेपर्यंत ते तसेच धरून ठेवले. एल्कोचे तोंड उघडे होते. त्याने मामाकडे पाहिले आणि ते मिटले.

निकालासाठी प्राध्यापक आतल्या खोलीत बसले. दारावर चोपदाराने मला घेऊन मुकाट उभे राहायचे असते, म्हणून ते सगळे आम्हाला ऐकावे लागले.

"इतक्या वर्षांत वाउटर कधी आधी आत आला का?" रेंगर्सनी विचारले. "आज का आला? भाच्याच्या तोंडून काय निघणार ते त्याला घरी बसून ठाऊक आहे, म्हणून."

"पण मुलाने तसं काही म्हटलं नाही," कुलगुरू म्हणाले.

"म्हणू दिलं नाही, असं म्हणा."

कुलगुरू मनाने वाईट नव्हते. त्यांनी मुलाला बोलावून वाक्य पुरे करायला सांगू या, असे सुचवले. पण हाकेनंतरचे अक्षर धरायचे नाही, ही रीत त्यांच्या आजोबांच्या आधीपासूनची होती. ती मोडायची कोणाचीच छाती झाली नाही. उरले ते अर्धे वाक्य, आणि ज्याने त्याने ते आपापल्या संशयाने पुरे केले. वाउटर राहवेना म्हणून एक पाऊल पुढे झाला.

"वेळ झाली, वाउटर," रेंगर्स म्हणाले. "हाक तुमचीच आहे."

एल्कोला पदवी मिळाली नाही. मित्रांनो, काठीला रडता येत नाही. मला तेव्हा त्याचे फार वाईट वाटले.

घरी हिलकेने नवऱ्याला उभे-आडवे घेतले. "वाळू होती ना वर? मग कुठे आग लागली होती?" वाउटर खुर्चीत बसून राहिला. मी अजून त्याच्या हातातच होते. मला खाली ठेवायचेही त्याला सुचले नव्हते. कोपऱ्यात एल्कोची आई पडद्यांची घडी घालत होती. एल्को आला, त्याने काळा झगा काढून खुंटीला लावला आणि मामासमोर बसला.

"रागाव माझ्यावर," वाउटर म्हणाला. "पण मी तुला वाचवायला गेलो रे. तू त्या फ्रेंचाचं बोलणार होतास."

"नव्हतो, मामा."

"मग काय म्हणणार होतास?"

"डोळ्यांवर, कानांवर, आणि त्या शंका घेणाऱ्या नव्या पंडितांवरसुद्धा. सॉक्रेटिसला म्हातारपणीही काही ठाऊक नव्हतं, मग मला या वयात काय ठाऊक असणार? एवढंच होतं. रेंगर्स सॉक्रेटिसचं नाव काढलं की विरघळतात. हसून खाली बसले असते. कधीपासून घोकत होतो."

"मग मला का नाही सांगितलंस आधी?" वाउटर म्हणाला.

"सांगितलं होतं," एल्को म्हणाला. "हात सोडणार नाही म्हणून. तेवढं पुरेल असं वाटलं."

हिलकेने मला वाउटरच्या हातातून काढून भिंतीशी उभे केले.

त्या वसंतात एल्को आईला घेऊन होडीने दूरच्या एका बंदरात गेला आणि लहान मुलांना अक्षरे शिकवू लागला. वाउटर गुडघे साथ देईनात तोवर मला आपटत राहिला, कारण दुसरे काय करणार? त्याच्यानंतर किती चोपदार आले आणि गेले. मी किती वाक्ये तोडली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. एक दिवस माझा खालचा लोखंडी भाग सैल झाला, आणि मला काचेमागे भिंतीवर टांगून माझ्या जागी नवी काठी आणली. ती अजून तेच काम करते. दर वेळी तिच्या कड्या वाजल्या की मला धस्स होते.

माझी चांदी आता काळी पडली आहे. ती कुणी घासली नाही तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या जिवाचे माणूस बोलू लागेल, आणि पुढे काय येणार या भीतीने तुमचा जीव खालीवर होऊ लागेल, तेव्हा तेवढा वेळ हात बांधून उभे राहा. त्याचे बोलून होऊ द्या.